दहा दिवसांच्या बोलीवर

१

जुनी गिटार विकत घेण्याआधी तिची चौकशी करून देणं हा त्याचा धंदा होता. धंदा म्हणजे काय, पंचवीस वर्षांत दुसरं काही धड जमलं नाही, म्हणून हे जमून गेलं. हौशी लोक फोन करायचे, अमुक दुकानात एक जुनी स्टील गिटार आली आहे, अस्सल आहे का तेवढं बघून सांगा. मग स्वारी आपली कातडी पिशवी खांद्याला लावून निघायची. पिशवीत दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा, बोटाएवढी विजेरी, एक भिंग, पेन्सिल आणि लांबोडकी वही.

स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तारा बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार धरून तो तारांवरून फिरवायचा. त्यामुळे सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, सरकत जातो. नवख्या माणसाला वाटतं, आत कोणीतरी गातंय.

चौकशीची त्याची पद्धत ठरलेली होती. गिटार आतून बघायची, मग ज्यांच्या ज्यांच्या घरात ती राहिली त्यांना एकेक करून गाठायचं, अगदी बनवणाऱ्यापर्यंत. सोयरीक जुळवतानाही लोक एवढ्या खोलात जात नाहीत. प्रत्येकाला तो मोजके प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीतल्या तीन रकान्यांपैकी एकात टाकायचा: हो, नाही, माहीत नाही. लोकांना गोष्टी सांगायच्या असतात, आमच्या आजोबांना ही कोणी दिली, कशी दिली, पुढे काय झालं. तो हात वर करून त्यांना थांबवायचा. एवढ्या शिस्तीमुळे बाजारात त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. त्याने ‘अस्सल’ म्हटलं की अस्सल. त्याने ‘नाही’ म्हटलं की दुकानदार ती गिटार उचलून मागच्या खोलीत टाकायचा आणि पुन्हा तिचं नाव काढायचा नाही.

या वेळची चौकशी मात्र त्याच्या स्वतःच्या घरासाठी होती.

त्याची बायको गिटार शिकवायची. साधी, उभी धरून वाजवायची गिटार. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. घरी परत आली त्या दिवशी तिने आपली गिटार कपाटावर चढवली, आणि घरात रेडिओसुद्धा लावायचा नाही असं न बोलता ठरून गेलं. जिला दुखलं-खुपलं तरी गुणगुणायची सवय, ती बाई दोन वर्षं गप्प भाजी चिरत होती. त्याला ते बघवत नव्हतं. आणि एवढी वर्षं स्टील गिटारी हाताळून, तिच्या हाताला हीच चालेल हे सुचायला त्याला दोन वर्षं लागली, याचा त्याला स्वतःचाच राग आला होता.

गिटार दुर्मीळ होती. एका कारागिराने पंचेचाळीस वर्षांपूर्वी दोन खोल्यांच्या कारखान्यात अशा बारा केल्या, मग कारखाना बंद झाला. ही त्यातली सातवी.

दुकानदार म्हणाला, “घेऊन जा हो घरी. दहा दिवस ठेवा, वहिनींना वाजवू दे. पसंत पडली तर बोलू, नाहीतर परत आणा. तुमच्याकडून मी काय कागद लिहून घेऊ?”

“दहा दिवसांत माझी चौकशीही होईल,” तो म्हणाला.

“घरातल्या वस्तूचीसुद्धा?”

“घरातल्या वस्तूची तर आधी.”

२

“मला खेळणं आणलंत होय?” पेटी उघडल्यावर बायको म्हणाली. पण पेटी तिने बंद केली नाही.

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर ती बसली, गिटार मांडीवर घेतली, बार अंगठा आणि धडधाकट बोटं यांच्यात अडकवला. पहिला सूर लटपटला. दुसराही. तिसरा सूर खालून वर सरकत गेला आणि जिथे जायचं तिथे जाऊन थांबला. ती कितीतरी वेळ हातातल्या बारकडे बघत राहिली.

“चहा आज तुम्हीच करा,” ती म्हणाली.

त्याने स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं आणि तिथे त्याचे डोळे भरून आले. चांगलंच रडू आलं त्याला. चहा दोनदा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेलेली बघून त्याने आपलं काम काढलं. तारा सैल केल्या, मधल्या गोल भोकातून आरसा आत सरकवला, विजेरी लावली. डिंकाचे सांधे मूळचेच होते. कारागिराने पेन्सिलीने लिहिलेला सातचा आकडा जागेवर होता. लाकूड एकदाही उघडलेलं नव्हतं. सगळं कसं हवं तसं.

मग आरसा त्याने वरच्या फळीकडे वळवला आणि तिथे त्याची खूण होती.

या खुणेबद्दल सांगायला हवं. नंबर खोडून तीच गिटार नव्या नावाने परत समोर आणणारे महाभाग या धंद्यात कमी नव्हते. म्हणून तपासलेल्या प्रत्येक गिटारीत, जिथे आरशाशिवाय नजर पोचत नाही अशा जागी, तो एक तिरपी रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके काढून ठेवायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

ही गिटार त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. आणि आत खूण एक नव्हती, तीन होत्या. एकाखाली एक. वरची इतकी पुसट, की असून नसल्यासारखी. खालची त्या मानाने ताजी.

तो आरसा धरून तसाच वाकून राहिला. मग त्याने स्वतःची समजूत घातली. एक रेघ आणि दोन ठिपके, त्यात एवढं काय डोकं लागतं? दुसऱ्या एखाद्या पारख्याला तेच सुचलं असेल. त्याच ठिकाणी? जागा तरी आत दुसरी कुठली आहे? एवढं म्हणून त्याने पेन्सिल उचलली, पण त्या रांगेत आपली खूण करायला हात काही धजेना.

“कोण आहे आत?” मागून बायकोने विचारलं. केस पुसत ती दारात उभी होती.

“काही नाही. धूळ.”

“म्हणजे काहीतरी आहे. तुम्हाला खोटं बोलायला जमत नाही, उगाच कशाला प्रयत्न करता?” ती हसली. दोन वर्षांनी हसली, म्हणून त्याने विषय तिथेच सोडला.

३

दुकानदाराला गिटार एका दंतवैद्य बाईंकडून मिळाली होती. दुपारी रोगी नसतात अशा वेळी तो त्यांच्या दवाखान्यात गेला. हात धुण्याच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं, दोन बाकांच्या मधल्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता.

“शोभेला घेतली होती मी,” बाई म्हणाल्या. त्याच्या उघड्या पिशवीकडे त्यांची नजर गेली. “अहो, हा आरसा तर आमच्यातला!”

त्याने नेहमीचे प्रश्न काढले. ती तुम्ही स्वतः विकत घेतली का? तुमच्याकडे असताना कोणी उघडली का? ज्यांच्याकडून आली त्यांचा पत्ता आहे का?

बाई हसायला लागल्या. “आणि उत्तर फक्त हो, नाही किंवा माहीत नाही. बरोबर?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चार वर्षांपूर्वी एक आजोबा आले होते. नव्वदी ओलांडलेली, हातात काठी. हेच प्रश्न, अगदी याच क्रमाने. ऐकू इतकं कमी यायचं, की मला ओरडून सांगावं लागत होतं. बाहेरचे रोगी घाबरले, म्हणाले आत काय चाललंय! गिटार खाली काढून त्यांनी आत आरसाही घातला.”

त्याला हायसं वाटलं. म्हणजे दुसरा पारखी होताच. थोडी असूयाही वाटली, नव्वदीतही तो माणूस जिने चढत होता.

“जाता जाता मात्र त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला,” बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “म्हणाले, माझी बायको इथे आली होती का? मी म्हटलं, नाही हो आजोबा. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आभार मानले आणि त्या बाकावर बसून राहिले. नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे. मी म्हटलं, घरचा फोन द्या, कोणाला तरी बोलावते. तर म्हणाले, घरी कोणी नाही. वय झालं की होतं तसं माणसाचं. पण नंतर भिंतीवर गिटार दिसली की मला तेच आठवायचे. शेवटी विकून टाकली.”

संध्याकाळी त्याने हे सगळं बायकोला सांगितलं, खुणांचं तेवढं वगळून.

“बिचारे,” ती म्हणाली. “सापडली असेल का हो ती?” आणि बार उचलून पुन्हा वाजवायला लागली. चारच दिवसांत तिचा हात बसला होता.

४

दंतवैद्य बाईंच्या आधी गिटार एका हॉटेलातल्या वादकाकडे होती. वादक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची बायको पाचव्या मजल्यावर राहायची आणि लिफ्ट बंद होती. दम खात तो वर पोचला तेव्हा बाई दार उघडून तयारच होत्या, बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

“हो किंवा नाही कशाला, सगळंच सांगते,” त्या म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. हॉटेल, तिथले दिवे, यांचा पांढरा कोट, मॅनेजरचा खडूसपणा. त्याने दोनदा हात वर केला. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

“माझ्याआधी कोणी आलं होतं का चौकशीला?” शेवटी त्याने मध्येच विचारलं.

“आले होते की! पंचवीस वर्षं झाली. सत्तरीचे असतील, पण ताठ. प्रश्नबिश्न झाले आणि उठता उठता यांना काय विचारावं त्यांनी? माझी बायको इथे आली होती का! झालं. हे असे भडकले! म्हणाले, परक्या माणसाची बायको माझ्या घरी कशाला येईल? आणि मी वेडी, पुढे आठवडाभर यांच्याकडेच संशयाने बघत होते.” त्या पोटभर हसल्या. “पण माणूस सभ्य हो. रागावले नाहीत. यांना म्हणाले, एकदा वाजवून दाखवाल? यांनी वाजवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, आणि मान हलवली. म्हणाले, ती अशी नाही वाजवत. ती खालून येते.”

“खालून म्हणजे?”

“कोणास ठाऊक. लिहून घेतलं वहीत आणि गेले.”

“दिसायला कसे होते?”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुमच्यासारखेच. म्हणजे, या धंद्यातली माणसं अशीच होत असतील, वाकून वाकून.”

पाच मजले उतरताना त्याने हिशेब मांडला. चार वर्षांपूर्वी नव्वदीच्या पुढचा, पंचवीस वर्षांपूर्वी सत्तरीचा. हिशेब जुळत होता. एकच माणूस, एकाच गिटारीच्या मागे, जन्मभर. बायको सोडून गेलेली असेल किंवा वारलेली असेल, आणि दुःखाने डोक्यावर परिणाम झालेला. अशी माणसं असतात. यात न समजण्यासारखं काही नाही, असं तो प्रत्येक मजल्यावर स्वतःला सांगत होता.

घरी आला तेव्हा वाजवणं चालू होतं. तो चपलाही न काढता दाराशी थांबून ऐकत राहिला. बोटांच्या अडचणीमुळे तिला बार थेट सुरावर ठेवता यायचा नाही. म्हणून ती बार थोडा आधी, खालच्या बाजूला टेकवायची आणि तिथून सरकत वर यायची. प्रत्येक सुराला. ऐकायला फार गोड वाटायचं.

“आलात?” ती आतून म्हणाली. आणि थोड्या वेळाने, भीत भीत, “दहा दिवस झाले की परत न्यायची का हो ही?”

नव्वद टक्के माणसांनी अशा वेळी बायकोला ‘छे गं’ म्हटलं असतं. तो चपला काढत बसला.

५

नवव्या दिवशी सकाळी तो बसने दोन तासांवरच्या गावी गेला. कारागीर कधीच वारला होता. मुलगी तिथेच राहत होती, पासष्टीची, लग्न न केलेली. कारखान्याच्या दोन खोल्यांत आता कोणाची तरी खोकी रचलेली होती. लाकडाच्या भुशाचा वास मात्र अजून येत होता.

दार तिने उघडलं. त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच बाजूला झाली.

“आलात?” ती म्हणाली. “सापडली का हो?”

तो उंबऱ्यावरच थांबला.

“नाही, नाही,” तीच मग गोंधळली. “काय बोलते मी. तुम्ही कसे असाल? बसा. या, बसा इथे.” तिने खुर्ची पुढे केली, पुसलेली असूनही पुन्हा पुसली. “तुम्ही त्यांचे कोण? मुलगा का?”

“कोणाचा?”

“सातवी गिटार बघायला आले होते त्यांचा. मी वीस वर्षांची होते. इथेच टेबलाशी बसून हिशेब लिहायचे. मी चेहरे विसरत नाही. हाच चेहरा, हीच अशी पिशवी. केस एवढेच पिकलेले.”

“मला मूलबाळ नाही आणि माझे वडील रेल्वेत होते,” तो म्हणाला. “मी तेव्हा पाच वर्षांचा होतो.”

“हो ना. तेही खरंच.”

त्याने वही उघडली, पण प्रश्न विचारायचे राहून गेले. आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, “काय झालं होतं ते सगळं सांगा.”

“सांगण्यासारखं फार नाही. सातवीला तेव्हा रंगही लागला नव्हता. तारा चढायच्या होत्या. तुम्ही... ते आले आणि म्हणाले, ती हिच्यावरच वाजवत होती. बाबा म्हणाले, अहो, ही अजून कोणी वाजवलेलीच नाही, वाजणार कशी? तर त्यांनी गिटारीला कान लावला. आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस रडताना मी तोवर बघितला नव्हता. मी पाणी दिलं. म्हणाले, चूक माझी आहे, माझ्या तोंडून गेलं. काय गेलं ते सांगेनात. मग मला विचारलं, माझी बायको इथे आली होती का?”

“आणि?”

“मी विचारलं, दिसायला कशा आहेत? म्हणाले, डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत तिची.”

खोक्यांच्या मागे कुठेतरी एक घड्याळ चालू होतं. त्याने खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला.

फोन बायकोने उचलला तेव्हा मागे सूर अजून विरत होता.

“अगं, ती गिटार पेटीत ठेव.”

“ठेवते. एवढं संपलं की.”

“आत्ता ठेव. झाकण लाव. ऐक माझं.”

“अहो, पण झालंय काय?”

“मी येतोय,” तो म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर जरा डोकं ताळ्यावर आलं. काही असो, उपाय सोपा होता. आजच्या आज गिटार दुकानात परत द्यायची. वहीतलं ते पान फाडून टाकायचं. चौकशी पूर्ण झाली नाही, वाद्य घेतलं नाही, विषय संपला. बायको रुसेल. दुसरी शोधू, ढीगभर मिळतात. पण तिला काही होता कामा नये. खिडकीला डोकं टेकून तो एवढंच घोकत होता.

६

तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधीच त्याला गिटार ऐकू आली. राग आला आणि जीवही भांड्यात पडला.

“मी सांगितलं होतं ना ठेवायला?”

“ठेवली होती,” खिडकीजवळच्या खुर्चीतून ती म्हणाली. “पण मग काढली. तुम्ही असे कावराबावरा चेहरा करून का उभे आहात? पाणी देऊ?”

“आपण ही परत देतोय. आज. आत्ता.”

तिने बार तारांवरून उचलला. का, हे तिने विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याचा ‘नाही’ किती पक्का असतो हे तिला माहीत होतं.

“बरं,” ती म्हणाली. “पण एक धून पूर्ण बसवलीय मी. ती एकदा शेवटपर्यंत वाजवू दे. मग घेऊन जा.”

एवढं मागणं कोण नाकारील? तो समोरच्या पलंगावर बसला. दुपारचे चार वाजले असतील. खिडकीतून ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तिने बार तारांवर टेकवला, खालून वर सरकवला, आणि ती अशी काही वाजवायला लागली, की सगळ्या दिवसाची धास्ती त्याच्या अंगातून हळूहळू उतरत गेली. दोन वर्षांत गमावलेली बायको समोर बसली होती. त्याला वाटलं, देऊ नये परत. कोणीतरी म्हातारा भ्रमिष्ट माणूस काय बोलला म्हणून काय आपण हिच्याकडून हे काढून घ्यायचं?

बेल वाजली.

“बघा हो,” न थांबता ती म्हणाली.

त्याने बाहेरच्या खोलीत येऊन दार उघडलं. साखळी लावलेलीच होती. तेवढ्या फटीतून त्याला जिन्यातला मिणमिणता उजेड दिसला, काठी धरलेला एक हात दिसला, आणि उघडी धरलेली एक लांबोडकी वही. वहीत तीन रकाने होते. मधला, ‘नाही’चा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता, बाकीचे दोन कोरे. अक्षर कोणाचं ते त्याला विचारावं लागलं नाही.

“तसदी देतो,” बाहेरचा आवाज म्हणाला. “माझी बायको इथे आली होती का?”

आतल्या खोलीत ती वाजवत होती. दार उघडं, मध्ये फक्त एक खोली. सूर जिन्यापर्यंत स्वच्छ पोचत होता. म्हाताऱ्याने काठी काखेत धरून कानामागे हात लावला, पण आतल्या सुरांसाठी नाही, समोरच्याचं उत्तर ऐकायला. म्हाताऱ्याला ते सूर ऐकूच येत नव्हते.

इकडे त्याच्या मनात एकच विचार आला. हा तिला न्यायला आलाय. पंचेचाळीस वर्षं दारं ठोठावत हा इथपर्यंत पोचलाय, आणि ‘हो’ ऐकलं की हा आत येणार. त्यापुढचं त्याला काही सुचलं नाही. भीतीने माणूस जे करतो तेच त्याने केलं.

“नाही,” तो मोठ्याने म्हणाला, नीट ऐकू जावं म्हणून. “अशी कोणी बाई इथे नाही.”

पेन्सिल कागदावर फिरली. म्हाताऱ्याने वही मिटली, आभार मानले, आणि वळता वळता क्षणभर चेहरा उजेडात आला. त्याचे वडील एवढे जगले नव्हते. जगले असते तर असेच दिसले असते. मग काठीचा आवाज एकेक पायरी उतरत गेला.

त्याने दार लावलं, कडी घातली, वरचा बोल्टही सरकवला.

७

आत शांतता होती. वाजवणं कधी थांबलं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“गेला,” तो म्हणाला. “चुकून आला होता कोणीतरी.”

खुर्ची रिकामी होती. गिटार खुर्चीवर आडवी ठेवलेली होती आणि तारा अजून थरथरत होत्या. त्याने स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघर पाहिलं. पलंगाखाली, कपाटामागे, जिथे माणूस मावणार नाही तिथेही पाहिलं. खिडकीला आतून गज होते. त्याने तिला हाक मारली, आधी हळू, मग शेजारचे बाहेर येतील इतक्या मोठ्याने.

मग कपाट उघडून पाहिलं. एकाच माणसाचे कपडे होते. दारात एकच चपलांचा जोड होता. चहाचे दोन कप असायचे तिथे एक होता. अशी कोणी बाई इथे नाही, असं तो स्वतःच म्हणाला होता.

तो धावत जिना उतरला. काठीवाला म्हातारा ना जिन्यात होता, ना रस्त्यावर. रस्ता सरळ होता, दोन्ही टोकं दिसत होती. तळमजल्यावरचा शिंपी जिन्याकडे तोंड करून मशीनवर बसायचा, येणारं-जाणारं कोणी त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. पंधरा वर्षं तिचे कपडे तोच शिवत होता. उशीर केल्याबद्दल तिची बोलणी हटकून खायचा.

“आत्ता वरून कोणी उतरलं?”

“तुम्हीच. का हो, काय झालं? एवढी धाप कशाने लागली?”

स्वतःच्या तोंडून प्रश्न बाहेर पडताना तो ऐकत होता, आणि तो केवढा सभ्य, केवढा परका वाटत होता.

“माझी बायको इथे आली होती का?”

शिंप्याने मशीन थांबवलं. त्याला चेष्टा वाटली असावी, कारण तो हसायला लागला होता. मग हसू मावळलं.

“साहेब, बरं वाटतंय ना?” तो जपून म्हणाला. “पंधरा वर्षं तुम्ही वर एकटेच राहता की.”

पिशवी त्याच्या खांद्याला तशीच होती. बसमधून उतरल्यापासून काढलीच नव्हती. त्याने तिच्यातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि शिंप्याच्या समोर उभा राहिला.

“डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत तिची,” तो म्हणाला. “नीट आठवून सांगा.”